लिव्हरच्या रायफलीपासून स्वयंचलित शस्त्रापर्यंत : जॉन ब्राउनिंग यांचा जीवनप्रवास

नेमबाजी हा खेळ आहे आणि बंदूक हे शस्त्र आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून पूर्णपणे वेगळ्या करणे कोणत्याही काळात शक्य झालेले नाही. ज्या कारागिराने आपल्या हाताने दोन्हींना आजचे रूप दिले, त्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्या आयुष्यात हे द्वंद्व जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका लहानशा गावात जन्मलेल्या, शालेय शिक्षण अल्पच लाभलेल्या या माणसाच्या नावावर १२८ अमेरिकी पेटंटे नोंदली गेली. शिकाऱ्यांच्या आणि स्पर्धकांच्या हातातील मोठ्या व्यासाची लिव्हर रायफल त्यांनी भक्कम केली. त्याच लिव्हर रायफलीला एक साधा जोड लावून त्यांनी स्वयंचलित शस्त्रांच्या युगाचे एक दार उघडले. त्यांच्या नावाच्या पिस्तुलाचा आवाज नाशिकच्या नाट्यगृहातही ऐकू आला आणि साराजेव्होच्या रस्त्यावरही.

ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी युटा प्रांतातील ऑग्डेन येथे झाला. त्यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग यांचा जन्म १८०५ मध्ये टेनेसी राज्यात झाला होता. ते बंदुकांचे कुशल कारागीर होते. आडव्या सरकणाऱ्या लोखंडी पट्टीत काडतुसांची घरे असलेली एक वेगळ्याच धाटणीची रायफल त्यांनी तयार केली होती. तोंडाने वाजवायच्या बाजासारखी दिसत असल्यामुळे ती हार्मोनिका रायफल म्हणून ओळखली जाई. मॉर्मन पंथाचा स्वीकार केल्यानंतर जोनाथन प्रथम इलिनॉय राज्यातील नावू येथे आणि तेथून छळाला कंटाळून निघालेल्या आपल्या पंथबांधवांबरोबर पश्चिमेकडे गेले. १८५२ मध्ये ते युटामध्ये पोहोचले आणि ऑग्डेनला त्यांनी आपले दुकान थाटले. त्या काळातील मॉर्मन प्रथेनुसार त्यांचे तीन विवाह झाले होते आणि त्यांना २२ अपत्ये होती. अशा भरल्या घरात जॉन लहानाचे मोठे झाले.

वडिलांचे दुकान हीच त्यांची खरी शाळा ठरली. बैलगाडीच्या धुरीपासून शेतीच्या अवजारांपर्यंत आणि कुलपापासून बंदुकीपर्यंत जे मोडेल ते दुरुस्तीसाठी तेथे येत असे. दहा वर्षांच्या वयात जॉन यांनी दुकानातील पडीक नळी आणि लाकडाची फळी एकत्र करून आपली पहिली बंदूक बनवली आणि धाकटा भाऊ मॅथ्यू याला बरोबर घेऊन माळरानावरील पक्षी टिपले, अशी त्यांच्या कुटुंबात सांगितली जाणारी आठवण आहे. मॅथ्यू, ज्यांना घरात मॅट म्हणत, हे पुढे आयुष्यभर त्यांचे भागीदार राहिले. रचना जॉन यांनी करायची आणि व्यवहार मॅट यांनी सांभाळायचा, अशी ही वाटणी अखेरपर्यंत टिकली.

१८६९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि ऑग्डेन हे मोठे जंक्शन बनले. गावाचे एकाकीपण संपले. पूर्वेकडील कारखान्यांत तयार झालेल्या नव्या रायफली आता थेट दुकानात येऊ लागल्या आणि त्या उघडून पाहताना त्यांतील उणिवाही जॉन यांच्या लक्षात येऊ लागल्या. १८७८ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी त्यांनी एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलीची स्वतंत्र रचना तयार केली. लिव्हर खाली ओढताच मागील पोलादी ठोकळा खाली सरके आणि काडतूस भरून लिव्हर वर घेतली की तो नळीचे तोंड घट्ट बंद करी. ७ ऑक्टोबर १८७९ रोजी या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा रेचेल तेरेसा चाइल्ड यांच्याशी विवाह झाला आणि जूनमध्ये वडिलांचे निधन झाले. घराची जबाबदारी आणि दुकान दोन्ही त्यांच्यावर आले. भावांच्या मदतीने त्यांनी लहानसा कारखाना उभारला आणि सुमारे ६०० रायफली हातांनी तयार केल्या.

या रायफलींपैकी वापरलेली एक रायफल १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती लागली आणि त्याने ती कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील मुख्यालयात पाठवून दिली. ऑलिव्हर विंचेस्टर यांचे जावई आणि कंपनीचे सूत्रधार टी. जी. बेनेट यांनी ती पाहिली आणि देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असा लांबचा प्रवास करून ते स्वतः ऑग्डेनला आले. मोठ्या कारखान्याच्या मालकासमोर दुकानात उभे होते ते विशी-पंचविशीतील भाऊ. ८,००० डॉलरला त्या रचनेचे हक्क विकले गेले आणि ती १८८५ ची विंचेस्टर सिंगल शॉट रायफल म्हणून बाजारात आली.

ही रायफल नेमबाजीच्या स्पर्धांत चांगलीच रुळली. त्या काळी अमेरिकेत लक्ष्यवेधाच्या स्पर्धांना मोठी लोकप्रियता होती. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूरच्या मैदानावर अमेरिकी आणि आयरिश संघांत ८०० ते १,००० यार्डांवरून झालेल्या सामन्याने या खेळाला जणू राष्ट्रीय प्रतिष्ठाच मिळाली होती. जर्मन वंशाच्या अमेरिकनांच्या शूत्सेन मंडळांत २०० यार्डांवरून उभ्याने, कोणताही आधार न घेता नेम धरला जाई. अशा स्पर्धांसाठी रायफल हवी तशी सजवून घेण्याची पद्धत होती. जाड आणि जड नळी, खांद्यात नेमका बसणारा वक्र दस्ता, हलक्या स्पर्शाने सुटणारा दुहेरी चाप, तळव्याला आधार देणारी मूठ आणि नेमासाठी बारीक छिद्राची मागची साइट, अशा जोडांनी रायफल स्पर्धकाच्या शरीराला आणि सवयीला जुळवून घेतली जाई. ब्राउनिंग यांच्या सिंगल शॉटचा मजबूत ठोकळा आणि साधी यंत्रणा या साऱ्या फेरबदलांना पुरून उरली.

तथापि बेनेट यांना ऑग्डेनमध्ये त्याहून मोलाची गोष्ट दिसली होती. ती होती एका नव्या लिव्हर रायफलीची कल्पना. विंचेस्टरचे नाव ज्यामुळे झाले त्या लिव्हर रायफलींत हाताखालची कडी पुढे-मागे केली की रिकामी पुंगळी बाहेर पडे, घोडा चढे आणि नळीखालच्या लांब मॅगझिनमधून नवे काडतूस वर येई. नेम न सोडता झटपट गोळ्या झाडण्याची ही सोय होती. परंतु या रायफलींतील गुडघ्यासारखा मुडपणारा सांधा फार मोठ्या काडतुसाचा दाब सोसू शकत नसे. अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेले ४५-७० हे काडतूस, म्हणजे ०.४५ इंच व्यासाची गोळी आणि मूळच्या मापाप्रमाणे ७० ग्रेन काळी दारू, विंचेस्टरच्या १८७६ च्या मोठ्या रायफलीतही बसत नव्हते. प्रतिस्पर्धी मार्लिन कंपनीने मात्र १८८१ मध्येच या काडतुसाची लिव्हर रायफल विकायला काढली होती. गवा, अस्वल आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरांच्या मुलखात हे काडतूस शिकाऱ्यांना हवे होते.

ब्राउनिंग यांचे उत्तर साधे आणि म्हणूनच टिकाऊ होते. त्यांनी मुडपणारा सांधा काढून टाकला आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन उभे पोलादी खिळे ठेवले. लिव्हर वर घेतली की हे दोन्ही खिळे वर सरकत आणि बोल्टला रायफलीच्या सांगाड्याशी एकजीव करत. स्फोटाचा सारा धक्का आता सांध्यावर न येता भरीव पोलादावर येऊ लागला. १४ ऑक्टोबर १८८४ रोजी या रचनेचे पेटंट मिळाले आणि दोघे भाऊ नमुना घेऊन न्यू हेवनला गेले. १८८६ ची विंचेस्टर रायफल या नावाने ती प्रसिद्ध झाली. ४५-७०, ४५-९० आणि पुढे ५०-११० अशी जबर काडतुसे तिने सहज पचवली. १९३५ पर्यंत या रायफलीचे सुमारे १ लाख ६० हजार नग तयार झाले. मोठ्या व्यासाच्या लिव्हर रायफलीचा आदर्श म्हणून आजही तिच्याचकडे बोट दाखवले जाते.

या रायफलीसोबत विंचेस्टरच्या याद्यांत ग्राहकाच्या पसंतीच्या जोडांची लांबलचक सूची असे. अष्टकोनी किंवा गोल नळी, अर्ध्या लांबीचे मॅगझिन, पिस्तुलासारखी मूठ असलेला अक्रोडाचा दस्ता, चंद्रकोरीऐवजी शॉटगनसारखा सपाट बूड, नळी सुटी करून पेटीत ठेवता येईल अशी रचना, कोरीव काम, असे हवे ते निवडता येई. हे सारे केवळ शोभेसाठी नव्हते. ४५-९० चे काडतूस झाडले की चंद्रकोरीच्या टोकदार बुडाचा धक्का खांद्यात रुतत असे. सपाट बूड तोच धक्का पसरवून देई. अर्धे मॅगझिन पुढचे वजन कमी करी. कनेटिकटमधील विल्यम लायमन यांनी १८७९ च्या सुमारास आणलेली छिद्राची साइट दस्त्याच्या मानेवर बसवली की डोळा आपोआप छिद्राच्या मध्यभागी पाही आणि नेमणाऱ्याला फक्त पुढची खूण लक्ष्यावर धरायची असे. लिव्हर रायफलीचा नेम किती सुधारू शकतो हे या छोट्याशा जोडाने दाखवून दिले.

१८८७ मध्ये, नाव आणि पैसा नुकताच मिळू लागलेला असताना, ब्राउनिंग यांनी काम बाजूला ठेवले आणि आपल्या पंथाचे प्रचारक म्हणून ते जॉर्जिया राज्यात गेले. दोन वर्षे ते खेड्यापाड्यांतून पायी हिंडले. १८८९ मध्ये ऑग्डेनला परतल्यावर त्यांच्या मनात साचलेल्या कल्पनांना जणू वाट मिळाली. पुढील काही वर्षांत त्यांनी इतक्या रचना केल्या की विंचेस्टरने १९०२ पर्यंत त्यांच्याकडून ४० हून अधिक बंदुकांचे हक्क विकत घेतले. त्यांतील मोजक्याच प्रत्यक्ष बनवल्या गेल्या. उरलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडू नयेत एवढ्यासाठी खरेदी करून कपाटात ठेवण्यात आल्या.

याच काळात ब्राउनिंग स्वतः स्पर्धेच्या मैदानावर उतरत होते. जॉन, मॅट, त्यांचे ऑग्डेनचे मित्र गस बेकर आणि ए. पी. बिगेलो या चौघांचा संघ नावांच्या आद्याक्षरावरून चार बी म्हणून ओळखला जाई. शॉटगनने उडते लक्ष्य टिपण्याच्या स्पर्धांत हा संघ १८९० च्या दशकात पश्चिमेत नावाजला गेला. आपण बनवलेल्या बंदुकीने आपणच स्पर्धा खेळायची, हे भाग्य फार थोड्या कारागिरांना लाभते. बंदूक खांद्याला लागताना कोठे टोचते, दुसरी गोळी झाडायला हात कोठे अडखळतो, हे त्यांना कागदावर नव्हे तर मैदानावर कळत होते.

त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाचे बीजही एका स्पर्धेतच रुजले. १८८९ च्या शरद ऋतूत ऑग्डेनच्या नेमबाज मंडळींचा सामना चालू होता. एका मित्राने गोळी झाडली तेव्हा नळीच्या तोंडासमोरील उंच गवत वाऱ्याने झुकावे तसे बाजूला झुकलेले ब्राउनिंग यांनी पाहिले. असे दृश्य त्यांनी आणि इतर सर्वांनी असंख्य वेळा पाहिले होते. पण त्या दिवशी त्यांना जाणवले की गोळीमागून बाहेर पडणाऱ्या वायूत एवढा जोर असेल, तर तो वाया का जाऊ द्यायचा? सामना अर्धवट सोडून ते भावांसह दुकानाकडे परतले.

दुकानात त्यांनी रायफल फळीला बांधली आणि नळीच्या तोंडापुढे थोड्या अंतरावर गोळी जाण्यापुरते छिद्र असलेला लोखंडाचा जड तुकडा ठेवला. दोरीने चाप ओढताच गोळी छिद्रातून निघून गेली आणि मागून आलेल्या वायूने तो तुकडा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला भिरकावला. त्यानंतर त्यांनी ४४ व्यासाची १८७३ ची विंचेस्टर लिव्हर रायफल घेतली, तिच्या तोंडावर छिद्राची खोलगट टोपी बसवली आणि ती टोपी एका दांडीने लिव्हरला जोडली. गोळी सुटली की वायू टोपीला पुढे ढकले, दांडी लिव्हर खाली ओढी, रिकामी पुंगळी बाहेर पडे आणि स्प्रिंगमुळे लिव्हर पुन्हा वर येऊन नवे काडतूस नळीत जाई. जे काम आजवर माणसाचा हात करत होता ते आता दारूचा वायू करू लागला. एका जुन्या रायफलीला लावलेला हा ओबडधोबड जोड म्हणजे वायूवर चालणाऱ्या स्वयंचलित शस्त्राचा आरंभ होता.

१८९० च्या जानेवारीत त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. या तत्त्वावर बनवलेली मशीनगन कोल्ट कंपनीने स्वीकारली आणि ती १८९५ च्या नावाने अमेरिकी नौदलात दाखल झाली. हातांनी फिरवायच्या गॅटलिंग तोफेचे दिवस त्यानंतर सरले. हायरम मॅक्सिम यांनी गोळीच्या धक्क्यावर चालणारी मशीनगन त्याआधीच बनवली होती. ब्राउनिंग यांनी वायूचा मार्ग दाखवला. पुढच्या शतकातील असंख्य लष्करी रायफली याच मार्गाने गेल्या.

परंतु लिव्हर रायफल त्यांनी सोडली नव्हती. १८८६ च्या रचनेची लहान, हलकी आवृत्ती बेनेट यांना घाईने हवी होती. ती महिनाभराच्या आत तयार झाली आणि १८९२ ची रायफल म्हणून गाजली. १८९४ ची रायफल धूर न करणाऱ्या नव्या दारूच्या काडतुसांसाठी ओळखली गेली आणि तिचे ७० लाखांहून अधिक नग तयार झाले. जगातील कोणतीही शिकारी रायफल इतक्या मोठ्या संख्येने बनलेली क्वचितच आढळेल.

१८९५ ची रायफल ही त्यांच्या लिव्हर रायफलींतील अखेरची आणि सर्वांत धाडसी रचना होती. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक आडवी असतात. अशा वेळी टोकदार गोळी वापरली तर तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाच्या स्फोटक टोपीवर टेकते आणि धक्का बसताच अपघाताचा धोका निर्माण होतो. म्हणून लिव्हर रायफलींना चपट्या टोकाच्या गोळ्याच वापराव्या लागत. ब्राउनिंग यांनी काडतुसे एकावर एक रचणारे पेटीसारखे मॅगझिन दिले आणि लिव्हर रायफल आधुनिक टोकदार काडतुसांसाठी मोकळी केली. १९०४ मध्ये आलेले ४०५ विंचेस्टर हे जबर काडतूसही तिने सोसले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९-१० च्या आफ्रिकेच्या मोहिमेत सिंहाच्या शिकारीसाठी ती पसंत केली. पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारशाहीने जवळजवळ ३ लाख रायफलींची मागणी नोंदवली आणि शिकाऱ्याची लिव्हर रायफल खंदकात पोहोचली.

विंचेस्टरबरोबरचे त्यांचे १९ वर्षांचे नाते पैशाच्या प्रश्नावरून तुटले. ब्राउनिंग आजवर प्रत्येक रचना एकरकमी विकत आले होते. कंपनी एका रचनेवर कित्येक दशके नफा मिळवी आणि ती निर्माण करणाऱ्याला एकदाच काय ती रक्कम मिळे. गोळीच्या धक्क्यावर स्वतःच पुढचे काडतूस भरणारी शॉटगन तयार झाली, तेव्हा तिचे मोल वेगळे आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी प्रत्येक बंदुकीमागे स्वामित्वशुल्काची मागणी केली. बेनेट यांनी निर्णय लांबवला आणि अखेर नकार दिला. १९०२ मध्ये ब्राउनिंग नमुना घेऊन न्यू हेवनहून बाहेर पडले ते पुन्हा तेथे व्यवहारासाठी परतले नाहीत.

ते रेमिंग्टन कंपनीकडे गेले. कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट ठरलेली होती; परंतु त्याच दिवशी, ८ जानेवारी १९०२ रोजी, हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. ब्राउनिंग यांनी मग अटलांटिक महासागर ओलांडला आणि बेल्जियममधील लीज शहराजवळच्या हेर्स्टाल येथील फाब्रिक नॅशनाल या कारखान्याचे दार ठोठावले. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याशी त्यांचा १८९७ पासून पिस्तुलाच्या निमित्ताने संबंध होताच. तेथे त्यांच्या शॉटगनचे स्वागत झाले आणि तिचे उत्पादन जवळजवळ शतकभर चालले. विंचेस्टरला त्याच प्रकारची बंदूक स्वतः बनवायची होती तेव्हा ब्राउनिंग यांची पेटंटे आडवी आली. ती पेटंटे इतकी नेटकी लिहिण्याचे काम पूर्वी विंचेस्टरच्याच तज्ज्ञांनी केले होते.

हेर्स्टालमध्ये बनलेल्या पिस्तुलांनी ब्राउनिंग हे नाव जगभर नेले. १९१४ पर्यंत त्यांची संख्या १० लाखांवर गेली. फ्रेंच भाषेत तर ब्राउनिंग हा शब्द पिस्तुलाचाच पर्याय बनला. आकाराने लहान, खिशात मावणारी आणि खात्रीने चालणारी ही पिस्तुले पोलिसांनी घेतली, प्रवाशांनी घेतली आणि राजकीय क्रांतिकारकांनीही घेतली.

मराठी इतिहासाशी या नावाचा संबंध येतो तो येथेच. १९०९ च्या आरंभी लंडनहून विनायक दामोदर सावरकर यांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात संगीत शारदा नाटकाच्या प्रयोगाला आलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली आणि या खटल्याचे धागे पुढे सावरकरांच्या काळ्या पाण्याच्या शिक्षेपर्यंत पोहोचले. ऑग्डेनच्या दुकानातील एका कारागिराला नाशिक हे नाव कधी कानी पडले होते की नाही, कोण जाणे. पण त्याच्या हाताचे काम तेथवर आले होते.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांची हत्या झाली, तीही ब्राउनिंग यांनी रचलेल्या १९१० च्या पिस्तुलाने. त्यानंतर पेटलेल्या महायुद्धाने कोट्यवधी कुटुंबे उद्ध्वस्त केली. दोष शस्त्राचा नव्हे, हे खरे. तरी आपली निर्मिती कोणाच्या हाती पडेल यावर निर्मात्याची सत्ता नसते, हा धडा या दोन घटनांइतका ठळक क्वचितच मिळेल.

अमेरिकेने १९११ मध्ये त्यांचे ४५ व्यासाचे पिस्तूल लष्करासाठी स्वीकारले होते. स्वीकृतीपूर्वीच्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते एकदाही अडले नाही. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या सैन्याकडे पुरेशा मशीनगनही नव्हत्या. ब्राउनिंग यांनी पाण्याने थंड होणारी मशीनगन आणि एका सैनिकाला उचलता येणारी स्वयंचलित रायफल पुढे केली. मे १९१७ मधील चाचणीत मशीनगनने ४८ मिनिटांहून अधिक काळ अखंड मारा केला. सरकारने या हक्कांसाठी ७ लाख ५० हजार डॉलर देऊ केले. स्वामित्वशुल्काच्या हिशेबाने मिळू शकणाऱ्या रकमेच्या तुलनेत हे फारच थोडे होते. ज्या माणसाने शुल्काच्या प्रश्नावर विंचेस्टरचा दरवाजा बंद केला होता, त्याने देशाच्या बाबतीत मात्र घासाघीस केली नाही.

युद्धानंतरही त्यांचे बेल्जियमला येणे-जाणे सुरूच राहिले. १९२३ मध्ये मॅट यांचे निधन झाले आणि लहानपणापासूनची जोडी फुटली. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या कार्यालयात, जॉन ब्राउनिंग यांचे हृदयक्रिया बंद पडून निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते. एकावर एक नळ्या असलेली शॉटगन तेव्हा अपुरी होती. ती व्हॅल यांनी पूर्ण केली. अपुरे राहिलेले दुसरे पिस्तूल बेल्जियन रचनाकार दियुदोने सैव्ह यांनी सिद्धीस नेले. ९ मिलिमीटरचे हेच पिस्तूल पुढे भारतात पश्चिम बंगालमधील इशापूरच्या आयुध निर्माणीत तयार होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हरिकेन आणि स्पिटफायर विमानांच्या पंखांत ब्राउनिंग मशीनगनच होत्या आणि ती विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनीही चालवली.

आज लष्करात लिव्हर रायफलीला स्थान उरलेले नाही. परंतु स्पर्धेच्या मैदानावर तिने नवे आयुष्य मिळवले आहे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या काउबॉय नेमबाजीत स्पर्धक एकोणिसाव्या शतकातील पोशाख करून येतात, टोपणनाव घेतात आणि जुन्या रचनेच्या रायफली, पिस्तुले व शॉटगन घड्याळाच्या काट्याशी झुंजत चालवतात. तेथील मुख्य स्पर्धेत पिस्तुलाच्या काडतुसांच्या हलक्या लिव्हर रायफली लागतात आणि त्यांत १८९२ ची रचना लोकप्रिय आहे. ४५-७० सारख्या मोठ्या काडतुसांच्या १८८६ आणि १८९५ च्या रायफलींसाठी दूरच्या लक्ष्यांच्या स्वतंत्र स्पर्धा असतात. मेक्सिकोतून आलेल्या सिल्हूट प्रकारात कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या पोलादी आकृत्या वाढत्या अंतरांवर उभ्या केल्या जातात. आकृतीला गोळी लागणे पुरेसे नसते, ती खाली पडावी लागते. अशा वेळी मोठ्या व्यासाच्या जड गोळीचे महत्त्व पटते आणि तिच्या धक्क्याचेही.

या स्पर्धकांच्या रायफलींवर आधुनिक दुर्बिणी दिसत नाहीत. नियमच तसे आहेत. दिसते ते दस्त्याच्या मानेवरील छिद्राची साइट, बोटे सोलवटू नयेत म्हणून लिव्हरच्या कडीला गुंडाळलेली चामड्याची पट्टी, बुडावर चढवलेली चामडी गवसणी आणि सुट्या काडतुसांचा पट्टा. खटके घासून मऊ केलेले असतात, स्प्रिंगा हलक्या केलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकातील ग्राहक विंचेस्टरच्या यादीतून जे निवडत असे, त्याचाच हा वारसा आहे. १८८६ ची रायफल १९८६ मध्ये, शंभर वर्षांनी, ब्राउनिंग यांच्याच नावाने जपानमधील मिरोकू कारखान्यात पुन्हा तयार झाली. तिच्या बोल्टच्या दोन्ही बाजूंचे उभे खिळे जसेच्या तसे होते.

जॉन ब्राउनिंग यांचा देह ऑग्डेनला आणून तेथेच दफन करण्यात आला. ज्या लोहमार्गाने बेनेट एकेकाळी त्यांना शोधत आले होते, त्याच मार्गावरील ऑग्डेनच्या जुन्या युनियन स्थानकात आज त्यांच्या बंदुकांचे संग्रहालय आहे. सहज चालणाऱ्या लिव्हरवर प्रेम करणाऱ्या खेळाडूंना तेथे एका थोर कारागिराचे दर्शन घडते. नाशिक आणि साराजेव्हो ज्यांना आठवते, त्यांना तेच नमुने काहीसे थांबून पाहावे लागतात. ब्राउनिंग यांचे मोजमाप करताना या दोन्ही नजरा लागतात आणि त्यांतील कोणतीही एक पुरी पडत नाही.